आधी बाहेरचं दार

१

सकाळी घराबाहेर पडायचं तर आधी लिफ्टशी भांडायचं, हे फौजदारबाईंच्या अंगवळणी पडलं होतं.

फौजदारबाई हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलेलं. पोलिसात त्या कधीच नव्हत्या. त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातली मागची लहान खोली प्लास्टरच्या साच्यांनी आणि गुलाबी मेणाने भरलेली होती आणि आसपासचे दंतवैद्य त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचे. पण गेटसमोर आडवी लावलेली स्कूटर, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच सुरू होणारं ड्रिल, ऐन अंघोळीच्या वेळी करंगळीएवढी होणारी नळाची धार, भलत्याच कोणाचं पार्सल घेऊन आपली बेल वाजवणारा माणूस, यांतल्या एकालाही त्यांनी कधी सुखासुखी जाऊ दिलं नाही. ज्याची चूक त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि काम झाल्याशिवाय हलायच्या नाहीत. त्या जिन्यात दिसल्या की सेक्रेटरी उगाचच मोबाइल कानाला लावायचे.

लिफ्ट जुनी होती. मध्ये जाळीची पोकळी, तिच्यातून लिफ्ट वरखाली करायची आणि जिना तिच्याभोवती वळसे घेत गेलेला. लिफ्टला दोन दारं होती, दोन्ही हाताने सरकवायची, लोखंडी जाळीची. एक मजल्यावरचं, म्हणजे बाहेरचं. दुसरं पिंजऱ्याचं, म्हणजे आतलं. दोन्ही नीट लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नसे. त्यामुळे वर कोणी दार अर्धवट टाकून गेलं की खालच्याने बटण दाबत बोट झिजवावं. काहीजण तर मुद्दाम उघडं ठेवायचे, म्हणजे विसरलेली किल्ली घेऊन येईपर्यंत लिफ्ट त्यांच्यासाठी खोळंबून राहायची. यावर बिल्डिंगमध्ये एकच उपाय चालायचा. जाळीला तोंड लावून वर ओरडायचं, "लिफ्टचं दार लावा!" मग त्या मजल्यावर जो कोणी असेल तो, मनात शिव्या घालत का होईना, येऊन दार लावायचा. कोणी उघडं टाकलं हे विचारायचं नाही आणि कोणी लावलं हेही नाही.

ओरडण्यात फौजदारबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि त्यांना ओरडावं लागायचं ते मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि रिटायर झाल्यावर आता निवांत रंगवत बसू म्हणाले, तर दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केले. आता दिवसाआड हॉस्पिटलात जाऊन डायलिसिस करून घ्यायचं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, "एकही खेप चुकवायची नाही. एक चुकली तर दुसरीला आणावं लागेल की नाही, सांगता येणार नाही." मास्तर वाळून काटकी झाले होते. चार मजले उतरणं त्यांना शक्य नव्हतं. त्यामुळे लिफ्ट म्हणजे बाईंच्या लेखी मास्तरांच्या जिवाचा दोर होता.

त्या सकाळीही लिफ्ट वर सहाव्या मजल्यावर अडकलेली होती. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मास्तर शाल लपेटून दाराला टेकून उभे होते.

"लिफ्टचं दार लावा!" बाई ओरडल्या. दोन मजल्यांवरची कबुतरं उडाली.

"माझे कान उरलेत तेवढे तरी राहू दे, फौजदार," मास्तर म्हणाले.

वर खडखडाट झाला, दार लागलं आणि लिफ्ट खाली आली. आत कोणी नव्हतं. दोघं बसून हॉस्पिटलला गेली.

२

ज्याला आयुष्यभर आधी साचा, मग मेण, मग दात अशा क्रमाने काम करायची सवय असते, त्याला क्रम चुकलेला ताबडतोब खुपतो. बाईंना काहीतरी खुपत होतं, पण काय ते चार-सहा खेपा झाल्या तरी सापडत नव्हतं. शेवटी एकदा मेण तापवताना हात तसाच हवेत राहिला.

दारं चुकीच्या क्रमाने लागत होती.

बाहेर उभा राहून लिफ्ट बंद करणारा माणूस आधी आतलं दार ओढतो, मग बाहेरचं. दुसरा मार्गच नाही. बाहेरचं आधी लावलं तर आतल्याला हात पोचणार कसा? दोन्ही दारांचे आवाजही वेगळे होते. बाहेरचं जड, त्याचा 'धाड' असा दणका बसायचा. आतलं हलकं, ते खुळखुळत येऊन 'खट' करायचं. त्यांची हाक ऐकून सहाव्या मजल्यावर जे कोणी दार लावत होतं, ते आधी धाड करत होतं आणि मग खट. म्हणजे बाहेरचं आधी, मग आतलं. असं फक्त आत शिरलेला माणूस करतो.

आणि लिफ्ट रिकामी येत होती.

फौजदारबाई अशा गोष्टीने हबकणाऱ्यातल्या नव्हत्या. पोकळीत आवाज घुमतो, मागचा पुढे ऐकू येत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण खात्री केल्याशिवाय त्यांना चैन पडणार थोडीच! त्यांनी वॉचमनला गाठलं.

"सहाव्यावर सध्या कोण येतं-जातं रे?"

"कोण येणार, बाई? दोन्ही फ्लॅटना कुलपं आहेत. गच्चीलापण कुलूप, चावी सेक्रेटरींकडे."

"मग लिफ्ट तिथे जाते कशी?"

"मला वाटलं, तुम्हीच बोलावून घेता," वॉचमन म्हणाला. त्याला फार विचार करायला आवडत नसे.

बाई त्याच दुपारी जिन्याने सहाव्या मजल्यावर गेल्या. तिथे उन्हाचा एक तुकडा पडलेला होता आणि दोन कुलपं लटकत होती. बाकी बिल्डिंगमध्ये चाललेलं ड्रिल इथे ऐकू येत नव्हतं. हॉर्नही नाही. एवढी शांतता त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती मिळाल्याचा त्यांना आनंद झाला नाही. लिफ्ट तिथेच उभी होती. दोन्ही दारं सताड उघडी, आत पिवळा दिवा लागलेला. त्यांनी आत डोकावून चारही कोपरे बघितले. मग आतलं दार ओढलं, बाहेरचं ओढलं, दोन्ही हलवून पाहिली आणि "झालं!" म्हणून जिना उतरायला लागल्या.

पाचव्या मजल्याच्या वळणावर त्यांना वरून आवाज आला. आधी हलकं दार उघडल्याचा, मग जड.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. परत वर जावं असं डोक्यात आलं, पाय मात्र खालीच निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी चूक तशीच सोडून दिली होती. याचा त्यांना भीतीपेक्षा जास्त राग आला.

३

लिफ्टचा मेकॅनिक तेलपाणी करायला आला, तेव्हा बाई चहाचा कप घेऊन त्याच्या खनपटीला बसल्या. सेक्रेटरी शेजारीच उभे होते, म्हणून त्यांनी विषय आडवळणाने काढला.

"ही जुनी लिफ्ट आपोआप दार लावते का हो कधी?"

"हिला मोटर आहे ती वरखाली करायला. दाराला माणसाचाच हात लागतो," मेकॅनिक म्हणाला. तो पिंजऱ्यात चढला आणि बोटाने खाली दाखवलं. "हे बघा, मी चढलो की हिची फरशी बोटभर खाली बसते. जुना दोर आहे, ताणतो." तो उतरला. फरशी हलकेच वर आली. "आणि उतरलं की वर. घाबरायचं कारण नाही, दोर मजबूत आहे. का, काही आवाज वगैरे येतो का?"

बाई सांगणारच होत्या. पण तेवढ्यात मेकॅनिक पुढे म्हणाला, "तक्रार असेल तर लिहून घेतो. फक्त मग तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी लागेल. हिचे पार्ट आता मिळत नाहीत, किती महिने जातील सांगता येत नाही."

"बंद केलेली बरी," सेक्रेटरी लगेच म्हणाले. "विजेचं बिल तरी वाचेल."

बाईंनी मास्तरांचे काटकुळे पाय डोळ्यांपुढे आणले.

"छे! काही नाही," त्या म्हणाल्या. "अगदी झकास चालते."

पुढच्या खेपेला लिफ्ट पुन्हा वर अडकलेली होती. मास्तर घराच्या उघड्या दारात उभे होते. बाईंनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा जरा लहान निघाला. वर धाड झालं, मग खट. पिंजरा उतरत आला, समोर थांबला. पिवळा दिवा, रिकामा लाकडी बाक, पाठीमागे पुसट झालेली सूचना. बाईंनी बाहेरचं दार सरकवलं, आतलं सरकवलं, आणि आत पाऊल टाकण्याऐवजी खाली बघत राहिल्या.

पिंजऱ्याची फरशी मजल्यापेक्षा बोटभर खाली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर ती हलकेच वर आली आणि मजल्याला लागली.

त्यांच्या बाजूने काहीही गेलं नाही. ना वारा, ना वास. फक्त मास्तर दारातून किंचित बाजूला सरकले, जिन्यात कोणाला वाट द्यावी तसे.

"का सरकलात?" बाईंनी विचारलं.

"सरकलो का?" मास्तर म्हणाले. "सवय असते गं."

४

त्यानंतर बाईंनी आपलं घर परक्याचं असावं तसं न्याहाळायला सुरुवात केली.

घर साधं होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची कामाची खोली. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीखाली मास्तरांचा दिवाण होता. पूर्वी ते त्यावर ऐसपैस पसरायचे. बाईंना कडेला टेकायलाही जागा उरायची नाही आणि त्यावरून रोज वाद व्हायचा. आता मास्तर दिवाणाच्या एका टोकाला अंग चोरून बसायचे. दुसऱ्या टोकावर ना उशी, ना वर्तमानपत्र, ना चष्म्याचं घर. बाईंनी धुतलेले कपडे घडी करायला तिथे टाकले, तर मास्तरांनी उचलून खुर्चीवर ठेवले.

"कोणी येणार आहे का?"

"नाही गं. असंच, मोकळं असलेलं बरं."

खाली गाड्यांचे हॉर्न चालू असायचे, वर ड्रिल. बाई मागच्या खोलीत कवळी घासत बसायच्या आणि घासता घासता हात थांबवून ऐकायच्या. कधीतरी दिवाण करकरायचा. मास्तर कूस बदलत असतील. मग थोड्या वेळाने पुन्हा करकरायचा, आणि त्या उठून पाहायच्या तर मास्तर गाढ झोपलेले असायचे. त्यांची झोप फार चांगली झाली होती. पूर्वी रात्रभर खाज, पायांत गोळे, अन्नावर वासना नाही. आता तोंडातून हूं की चूं नाही. चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान. शेजारपाजारचे म्हणायचे, मास्तर आता बरे दिसतात. बाईंना ते बरेपण मुळीच आवडत नव्हतं. माणूस घासाघीस करायचा थांबला की दुकानातून उठायच्या बेतात असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग एक दिवस, डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी, मास्तर चहा पिता पिता म्हणाले, "उद्या नको जाऊया का?"

बाईंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे राहू दे एक दिवस. सुया टोचून घ्यायच्या, चार तास तिथे पडून राहायचं. इथे बरं वाटतं मला. शेजारी बसलं की दुखत नाही काही."

"कोण शेजारी बसलं की?"

 चित्र शिकवताना पोराची चूक त्याला न दुखवता सांगायची असली की व्हायचा, तसा मास्तरांचा चेहरा झाला.

"तूच तर हाका मारून बोलावतेस," ते म्हणाले. "येतं, बसतं. आपण बाहेर गेलो की निघून जात असेल. त्रास काही नाही गं. उलट फार समजूतदार आहे. घाई करत नाही."

 बाईंनी दिवाणाच्या त्या मोकळ्या टोकाकडे पाहिलं. चादर ताणून बसवलेली होती, सकाळी त्यांनीच घातलेली. मध्यभागी एक उथळ खळगा होता. गादी जुनी होती. कापूस बसला असेल. त्यांनी पुढे होऊन चादर झटकण्यासाठी तिचं टोक धरलं आणि ओढलं. चादर आली नाही.

त्यांनी टोक सोडलं, कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. धार करंगळीएवढी होती. तिच्याखाली त्यांनी दोन कप इतका वेळ धुतले की हात सुरकुतले. त्या रडत होत्या. ते त्यांना उशिरा कळलं. मग त्यांनी तोंड पुसलं. एखाद्या चुकीचा माग काढत तिच्या उगमाशी यावं आणि तिथे आपलाच आवाज सापडावा, असं त्यांच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं. पण चूक कोणाचीही असो, तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना येत होतं.

"उद्या जायचं," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. मास्तरांकडे नाही, दिवाणाच्या दुसऱ्या टोकाकडे बघून म्हणाल्या.

५

सकाळी त्यांनी लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पदर खोचून त्या तळमजल्यावर गेल्या आणि वॉचमनला आणि सेक्रेटरींना वर घेऊन आल्या. सेक्रेटरी अर्धी दाढी झालेल्या चेहऱ्याने आले होते, कारण पूर्ण होईपर्यंत थांबायला बाईंची तयारी नव्हती.

"खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायचं," बाई म्हणाल्या.

"अहो पण लिफ्ट चालू आहे!"

"आज लिफ्ट नको."

"का पण?"

"मला नको आहे म्हणून. तुमच्या मुलीच्या कवळीला, आपलं, दातांच्या तारेला मी पंधरवड्यात तीनदा हात लावला, तेव्हा मी 'का पण' विचारलं होतं?"

सेक्रेटरींनी खुर्चीचे पुढचे पाय धरले, वॉचमनने पाठ धरली. मास्तर शाल पांघरून मुकाट बसले होते. वरात निघाली. बाई मागून चालत होत्या, एक हात मास्तरांच्या खांद्यावर.

"काही वजनच नाही हो मास्तरांना," वॉचमन म्हणाला. "सुटकेस उचलल्यासारखं वाटतंय."

चौथ्याचा जिना उतरून ती तिसऱ्यावर पोचतात न पोचतात तोच वर धाड झालं. मग खट. बाईंनी हाक मारली नव्हती. पोकळीतला दोर थरथरला आणि लिफ्ट खाली यायला लागली.

जिना लिफ्टभोवती वळसे घेत असल्यामुळे ती सतत त्यांच्या बाजूला होती. ती नेहमीच्या वेगाने सरळ तळाला गेली नाही. तिसऱ्यावर सेक्रेटरींनी दम खायला खुर्ची टेकवली, तशी लिफ्ट जाळीपलीकडे येऊन थांबली. त्यांनी खुर्ची उचलली, तशी ती चालू झाली. आत पिवळा दिवा आणि रिकामा बाक. मास्तरांनी शालीतून हात काढला आणि ओळखीच्या माणसाला करावा तसा तिच्याकडे पाहून जरासा हलवला.

"हात आत घ्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींचा धीर सुटला. खुर्ची जमिनीवर ठेवून ते कमरेवर हात देऊन उभे राहिले. लिफ्ट समोरच थांबलेली होती.

"कमाल करता तुम्ही बाई! आपणहून दारात आली आहे, आणि आपण हमाल्या करतोय!" असं म्हणून त्यांनी बाहेरचं दार सर्रकन उघडलं, हात घालून आतलंही उघडलं. "बसवा त्यांना."

"उघडू नका!" बाई ओरडल्या. पण उशीर झाला होता.

फरशी बोटभर वर आली.

बाईंनी ते पाहिलं, आणि मास्तरांनीही पाहिलं, कारण ते हसले. सेक्रेटरींना काहीच दिसलं नाही. ते आपले हाताने 'या' करत होते. बाईंनी त्यांना बाजूला सारून आतलं दार लावलं, बाहेरचं लावलं, आणि म्हणाल्या, "उचला खुर्ची. आत्ता, एका क्षणात!" त्या आवाजापुढे सेक्रेटरींचं काही चालणं शक्य नव्हतं. त्यांनी खाली वाकून जोर केला आणि खुर्ची हलली नाही.

"अरे, धर की!" ते वॉचमनवर खेकसले.

"धरलंय साहेब!" वॉचमनच्या कपाळाची शीर फुगली होती. "मास्तर, हातांनी कठडा धरलाय का तुम्ही?"

मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांच्या शालीचं एक टोक खुर्चीच्या हातावरून बाहेर लोंबत होतं. आता ते लोंबत नव्हतं. खुर्चीच्या हातावर ते घट्ट दाबलेलं होतं, इतकं की कापडाच्या विणीत ताण दिसत होता. वर्गात मास्तरांच्या टेबलावर कोपऱ्यात टेकून बसणारं पोर असतं, तसं त्या हातावर कोणीतरी टेकलेलं होतं. बाईंनी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी खाली वाकून खुर्चीची एक बाजू स्वतः धरली.

"तीन माणसं आहोत आपण," त्या म्हणाल्या. "उचला!"

खुर्ची उचलली गेली. पुढचे दोन जिने त्या कशा उतरल्या हे त्यांनाही नंतर आठवेना. वॉचमन कण्हत होता, सेक्रेटरी देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी बाईंचं घेत होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर होती तिथेच राहिली. तिचं काम झालं होतं.

६

गेटसमोर आडवी स्कूटर होती. बाईंनी लाथेने तिचा स्टँड काढला आणि ती बाजूला ढकलली. टॅक्सीमागे गाड्यांची रांग लागली होती आणि झाडून सगळे हॉर्न वाजवत होते. मास्तरांना डावीकडच्या दाराने मागच्या सीटवर बसवलं, तेव्हा टॅक्सी जेमतेम हलली. मग ती दुसऱ्यांदा हलली. उजव्या बाजूला, जिथे बाई बसणार होत्या, तिकडे ती चाकापाशी चांगली खाली बसली.

"कोण बसलं?" ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, आणि कोणी दिसेना म्हणून टायरकडे वाकून पाहिलं.

मास्तरांचे डोळे मिटायला लागले होते. "अगं," ते म्हणाले, "परत वर जाऊया. इथपर्यंत आलो ना? पुष्कळ झालं." त्यांचं डोकं उजवीकडे कलत होतं. मध्ये रिकामी जागा असताना माणसाचं डोकं जितकं कलेल, तितकं कलून ते थांबलं. खाली पडलं नाही.

बाई गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवला. काचेतून सीट दिसत होती. रेक्झिनवर मोठा खळगा पडला होता आणि तो मास्तरांच्या दिशेने हळूहळू सरकत होता.  इथून आत बसलं तर ते दोघांच्या मध्ये येईल, हे बाईंच्या लक्षात आलं. हॉस्पिटलपर्यंतचा सगळा रस्ता मास्तरांचं डोकं त्याच्या खांद्यावर राहील, आणि पोचल्यावर उतरवून घ्यायला काही उरणार नाही.

मागचा ट्रकवाला ओरडला, "ओ बाई, बसताय की मुक्काम करताय?"

"थांब जरा!" बाई त्याच्यावर डाफरल्या. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. हा त्यांचा नेहमीचा आवाज होता. बसमध्ये दोघांच्या सीटवर तिघं, बँकेच्या काउंटरवर मधेच घुसणारी कोपरं, आयुष्यभर त्या याच आवाजावर निभावून गेल्या होत्या.

त्या पुन्हा वळसा घालून डावीकडे आल्या. मास्तरांचं दार उघडलं, त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकला आणि वाकून आत शिरल्या. मास्तरांचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्यांनी आपल्याकडे ओढलं. ते सुटायला जरा जड गेलं. मग मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे जागा नव्हतीच, त्यांनी आपली कंबर घातली.

"सरका," त्या उजवीकडे बघून म्हणाल्या.

काही हललं नाही. कमरेला काहीतरी लागत होतं. थंड नव्हतं, गरमही नव्हतं. सीटवर आधीपासून बसलेलं माणूस लागतं तसंच लागत होतं.

"सरका म्हणते ना! आमचं माणूस आजारी आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली. रेक्झिन करकरलं. खळगा मागे गेला, थोडासाच, नाराजीने, पण एका माणसाला बसता येईल इतका गेला. बाई त्या जागेत धप्पकन बसल्या. मास्तर त्यांच्या डाव्या खांद्यावर होते आणि त्यांचा श्वास मानेला लागत होता. "सुई दुखते गं," ते पुटपुटले. "दुखू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"हॉस्पिटल. आणि रस्ता भरलेला असो की नसो, मला वेळेत पोचायचं आहे."

टॅक्सी निघाली. पहिल्याच वळणावर उजवीकडून सगळा भार त्यांच्या अंगावर आला. बाईंनी दात आवळले, उजवं कोपर बाहेर काढून त्या भारात रोवलं, आणि हॉस्पिटलचा दरवाजा दिसेपर्यंत ते तिथून हलू दिलं नाही.